पोरगा तोंड उघडतो तिथवर

१९ एप्रिल १९९३, दोंडाईचा

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज लिहून ठेवा. आज कोणता शब्द बोलले, कशासाठी बोलले. पुढच्या खेपेला वही घेऊन या. बियाण्याच्या दुकानातून मिळालेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती. सातवी पास आहे मी, लिहिता येतं. लिहायला वेळ कुठून आणायचा ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी यांना झटका आला. मार्केट यार्डात मिरचीच्या ढिगाशी उभे राहून हर्राशी, म्हणजे लिलाव, पुकारत होते, तिथेच खाली बसले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकदम गेली. पाय थोडा परत आला, काठी घेऊन मोरीपर्यंत जातात. सत्तावीस वर्षं या माणसाने भोंग्याशिवाय पुकारा केला. मिरचीच्या खाटाने व्यापारी शिंकत असायचे आणि हे मात्र खणखणीत, "एक बार, दोन बार, तीन बार." तीन बार म्हटलं की माल सुटला, मग देवसुद्धा बदलू शकत नाही. आता त्यातलं मधलंच तेवढं उरलंय. पाणी हवं, दोन बार. पाठ खाजते, दोन बार. दारात कुत्रं आलं, दोन बार. शेजारीण बिचारी दोन कप चहा घेऊन आली.

डॉक्टर म्हणाले, तोंडात बसलेले शब्द डोक्यात वेगळ्या जागी असतात, म्हणून तेवढे वाचले. नवीन शब्द यायचा असेल तर सहा महिन्यांच्या आत येतो. नंतर आशा धरू नका. म्हणजे तेरा जुलैपर्यंत.

शब्द: दोन बार.

२१ एप्रिल

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, ते परवा लिहायचं राहिलं. यांना यांचाच जुना आवाज ऐकवा. त्याला धरून एखादा शब्द बाहेर पडतो कधीकधी.

यार्डातला पुकारा कोण टेप करून ठेवतो? आवाज आहे तो फक्त यशोदाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. एक्याण्णवच्या मे महिन्यात आमच्या पोरीचं लग्न झालं, तेव्हा आहेराची नावं यांनीच माईकवर पुकारली. मुलीचा बाप असून. लोक म्हणाले, चुडामणभाऊ, तुम्ही बसा. पण दुसऱ्याच्या हातात माईक गेलेला यांना बघवेल तर ना.

ती कॅसेट मी आजवर पाहिलेली नाही. घरात व्हीसीआर नव्हता. शूटिंगवाल्या लीलाधरच्या दुकानात यांनी एकट्याने बसून पाहिली, घरी आले, म्हणाले, "चांगली शे," आणि कपाटात वर ठेवून दिली. मलाही दाखवा म्हटलं तर म्हणे, दखाडसू नंतर. दोन वर्षं झाली त्या नंतरला.

जावई पितांबरराव रविवारी जळगावहून त्यांचा व्हीसीआर घेऊन येणार आहेत.

शब्द: तोच.

२५ एप्रिल

हसावं की रडावं ते कळत नाही.

कॅसेटवर लीलाधरच्या अक्षरात लिहिलंय, "चि. सौ. कां. यशोदा, शुभविवाह". लावली, तर आत जपानी कार्टून. पितांबररावांनी अक्षरं बघून सांगितलं, जपानीच आहे. एकाच भागाची आहे, पहिल्याच. त्यांना लगेच बसने परत जायचं होतं, कुठली बटणं दाबायची ते दाखवून गेले. मी बंद करणार तर हे मनगट धरून बसले, डाव्या हाताने. डाव्या हातात अजून बैलाची ताकद आहे. मग बसले मीही.

काय पाहिलं ते लिहिते, म्हणजे डॉक्टरांना कळेल की आम्ही काय भोगतोय.

समुद्राच्या कडेला उतारावर वसलेलं गाव. एक पोरगी सायकलवर बर्फाच्या लाद्या घरोघरी पोचवते. केस निळे. डोळे ताटल्यांएवढे आणि नाक जवळजवळ नाहीच. या नाकाने ती श्वास घेते कशी? आभाळातून जहाज जातं, त्यातून एक पोरगा पडतो, तो नेमका हिच्या बर्फाच्या गाडीवर. उजव्या हाताला पट्ट्या बांधलेल्या, डाव्या हातात तलवार. मागोमाग लोखंडी मुखवटे घातलेली माणसं येतात. पोरगी बर्फ ओढायचा आकडा उचलते आणि त्या मुखवटेवाल्यांना असं काही झोडपते की मी ताठ बसले. इथवर बरं होतं.

पण मारामारी करायची पद्धत बघा यांची. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि नुसतं बघतात. वारा सुटतो. केस उडतात. एक पान गळतं. मारायचं तर मार ना बाबा, घरी कामं पडलीत. आणि बोलतात तेव्हा ओठांचा आणि आवाजाचा मेळ नाही. शब्द संपतो तरी तोंड हलतच राहतं. कोणी पैसे घेऊन असलं काम केलं असेल तर परत मागावेत.

पोरगी त्याला बर्फाच्या गोदामात लपवते. तो एक अक्षर बोलत नाही. सबंध भागात नाही. तलवारीच्या मुठीवर काही कोरलेलं असतं ते वाचून ती त्याला "हिसागो" म्हणते, म्हणजे नाव असावं. ती कांजी भरवायला जाते तर तो मान फिरवतो. ती चमचा धरून थांबते, मग सरळ त्याचं नाक दाबते. तोंड उघडलं की चमचा आत. हे मात्र मला पटलं.

शेवटी तो न सांगता निघून जातो. ती पुलावर धावत येते आणि "हिसागो" म्हणून ओरडते. तो वळतो. तिच्याकडे बघतो. पुन्हा वारा, पुन्हा केस. तोंड उघडतो आणि चित्र तिथेच थांबतं. मग गाणं. मग पडद्यावर मुंग्या.

एवढा वेळ बसवलंत आणि पोरगा काय म्हणाला तेच सांगितलं नाही. बंद केलं. यांनी पुन्हा मनगट धरलं. पुन्हा बघायचंय म्हणे. म्हणे म्हणजे, दोन बार. मागे फिरवून परत लावलं. माझा स्वयंपाक तसाच.

पहिल्या नजरेत मत विचाराल तर वाईट.

२७ एप्रिल

लीलाधरच्या दुकानात जाऊन आले. त्याने कॅसेट हातात घेऊन उलटीसुलटी केली, लावून बघितली नाही. म्हणाला, "काय सांगू अक्का, त्या वर्साले मी मुंबईतून वापरेल कॅसेटी आणेल व्हत्यात. बठ्ठ्या येकसारख्या दिसतस. तुमनी दुसरीकडे गयी व्हई. सोधी देस मी."

मी म्हटलं, तेरा जुलैच्या आत शोध. त्याला वाटलं घरात काही कार्य आहे.

आज भरवताना यांनी मान फिरवली. मी नाक दाबलं. हे आधी रागावले, मग हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा हसले. अर्धं तोंड हसलं, पण हसले.

शब्द: दोन बार. हसणं शब्दात धरतात का ते डॉक्टरांना विचारायचंय.

९ मे

रोज दुपारी तेच. जेवण झालं की हे व्हीसीआरकडे बोट करतात. बर्फवाली, जहाज, गोदाम, पूल, मुंग्या. मुंग्या आल्या की मी बटण दाबायला उठते, हे मनगट पकडतात, मी मागे फिरवून देते. दुसऱ्यांदा निम्म्यात यांना झोप लागते आणि मी बंद करून धुणं धुवायला सुटते.

एक गोष्ट लक्षात आली, इथेच लिहिते. बाकीच्या वेळी मी बोलते आणि हे अडकतात. कोणी भेटायला आलं की माझ्याकडे बघतात, मी सांगते, त्यांना अमुक म्हणायचंय. निम्म्या वेळा मी ठोकूनच देते. पण कार्टून चालू असताना मला काही कळत नाही आणि यांनाही कळत नाही. तेवढा अर्धा तास आम्ही सारखे असतो.

म्हणून मी मधेमधे माझंच बोलणं घालते. पोरगी सायकलवरून ओरडते तिथे मी म्हणते, "बर्फवालीऽऽ, लग्नासाठी बर्फ घ्या." मुखवटेवाला हात वर करतो तिथे म्हणते, "सभापतींना विचारून सांगतो." हे मांडीवर हात मारतात. पुलावर पोरगा तोंड उघडतो तिथे मात्र काही सुचत नाही.

१६ मे

नणंद सुंदरबाई शिरपूरहून आल्यात. मला वाटलं हाताखाली दोन दिवस बाई मिळेल. त्या पाटावर बसल्या आणि भावाकडे बघून रडल्या, मग मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. दुपारी कार्टून लावलं तर म्हणाल्या, "भाऊले कसाले ह्या पोरंसोरंना चित्रं दखाडी ऱ्हायनी वं? याड लागी जाई त्याले."

पण शेवटपर्यंत बघितलं त्यांनी. पुलावरच्या प्रसंगाला डोळ्याला पदर लावला. मी विचारलं, काय बोलत असेल तो? म्हणाल्या, "पानी मांगत व्हई. एवढा पळना."

शब्द: तोच.

३० मे

आज मी ओरडले यांच्यावर. खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते.

सकाळी लुगडं नेसत होते तर हाक, दोन बार. मोरीत नेलं. जरा भाकरी टाकली तोच दोन बार. उशी. मग दोन बार, मग दोन बार, मी प्रत्येक वस्तू दाखवली, पाणी, पंखा, पेपर, गोळी, टोपी. प्रत्येकीला नाही. शेवटी ताट आपटलं आणि म्हटलं, "एकतीस वर्षं तुमच्या तोंडातून माझ्यासाठी 'ऐक वं' सोडून काही निघालं नाही, बाकी सगळ्या तालुक्याची नावं त्या तोंडाने पुकारली, आता तर 'ऐक वं'सुद्धा गेलं, बरं झालं."

हे खाली बघत राहिले. मग डाव्या हाताने हळूहळू टीव्हीकडे बोट केलं. मला इतका राग आला की मी ती व्हीसीआरची पेटीच उचलून कोठीत ठेवली.

यार्डात आता यांच्या जागी अभिमन पुकारतो. वारा इकडचा असला की घरात ऐकू येतो. आवाज फाटतो त्याचा. हे ऐकतात आणि तोंड भिंतीकडे करतात.

थकले मी. दुसऱ्याला सांगितलं तर म्हणतील नवऱ्याला कंटाळली. कंटाळलेच आहे. पण तो कंटाळा नाही, काय आहे ते मला लिहिता येत नाही.

१ जून

पेटी परत आणून लावली. बघवेना.

१४ जून

धुळे. डॉक्टरांनी वही चाळली. कार्टूनचं पान वाचून हसले. म्हणाले, तुम्ही छान लिहिता. मी म्हटलं, शब्दाचं बोला. त्यांनी यांना पेन दाखवलं, किल्ली दाखवली, मला दाखवलं. "या कोण?" यांनी खूप जोर लावला. कपाळावर घाम आला. "दोन बार."

डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, आठवतंही. दार अडकलंय तेवढं. जुना आवाज ऐकवलात का? मी कॅसेटची भानगड सांगितली. ते म्हणाले, लवकर शोधा, एक महिना राहिलाय.

परतीच्या बसमध्ये यांनी सबंध रस्ताभर माझा पदर मुठीत धरून ठेवला होता. मला वाटलं, बस हलते म्हणून.

२७ जून

लीलाधरकडे चौथी खेप. "सापडी जाई अक्का." कधी? तोंड लपवतो आता. यशोदाचं पत्र आलं, तिकडे सासरीही दुसरी प्रत नाही.

दुपारी मुंग्या आल्या, मी बटणाकडे हात नेला, यांनी मनगट असं पिळलं की बांगडी फुटली. रक्त आलं. मी म्हटलं, लावते ना पहिल्यापासून, जीव घेता का? लावलं पहिल्यापासून. तर हे टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघत बसले. डोळ्यांत पाणी. बांगडी फुटली म्हणून वाईट वाटलं असेल.

आता मला तो भाग पाठ झालाय. पान कधी गळतं, कुत्रं कधी भुंकतं. सुरुवातीला वाईट म्हटलं होतं, ते आता तसं म्हणवत नाही. पोरगी कष्टाळू आहे. एकटीने एवढ्या लाद्या ओढते, वर हा बिनबोलका अंगावर पडलेला. एकदाही म्हणत नाही की मी दमले. म्हणायला हवं होतं तिने.

शब्द: तोच. सोळा दिवस राहिले.

९ जुलै

आधी सगळं लिहून काढते, मग चूल.

दुपारी शेवटचं गाणं चालू होतं आणि नळ आला. तीन दिवसांनी आला. मी टीव्ही तसाच टाकून हंडे घेऊन खालच्या गल्लीतल्या नळावर पळाले. रांगेत तासभर गेला. तिथे पुष्पाबाईशी भांडण झालं, तिने माझ्या हंड्याच्या जागी तिची कळशी घातली. ते जाऊ दे.

डोक्यावर हंडा घेऊन दारापाशी आले आणि घरातून आवाज आला. यांचा. पूर्वीचा, खणखणीत, सबंध गल्ली ऐकेल असा. "मुक्काम पारोळा, नथ्थू दगडू पाटील, यांच्याकडून पातेलं!"

हंडा टाकला मी. पाणी सगळं ओसरीवर. आत गेले तर हे खाटेवर ताठ बसलेले आणि टीव्हीत हे उभे, फेटा, माईक, मागे मांडव. यशोदा पाटावर खाली मान घालून. मुंग्यांच्या नंतर लग्न होतं. त्या शहाण्या लीलाधरने वापरलेली कॅसेट मागे न फिरवताच लग्न भरलं त्यात. यांनी दुकानात पहिल्यापासून पाहिली होती, यांना ठाऊक होतं. अडीच महिने हा माणूस माझं मनगट धरून सांगत होता की थांब, बंद करू नको. आणि मी प्रत्येक वेळी मागे फिरवत होते.

मी खाली जमिनीवरच बसले. टीव्हीत नावं चालू होती. मी नसणारच त्यात, मी तेव्हा कोठीत वाढप्यांवर नजर ठेवून होते, आहेर पुकारून झाला तेव्हा बाहेर आले. आणि आहेर बायकांच्या नावाने कोण पुकारतं?

शेवटी यांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, "आता शेवटचा आहेर. मुलीची आई, कुंदाबाई चुडामण बोरसे, यांच्याकडून गोधडी. वर्षभर स्वतः शिवली आणि कोणाला न सांगता पेटीत घातली. तिला वाटतं मला माहीत नाही." मांडव हसला. यांनी हात वर केला, यार्डात करतात तसा. "कुंदाबाई, एक बार. कुंदाबाई, दोन बार. कुंदाबाई, तीन बार!" आणि हात खाली.

खाटेवर यांचे ओठ हलत होते, टीव्हीतल्या आवाजाच्या मागे मागे. मेळ नव्हता. शब्द संपला तरी तोंड हलत होतं, त्या जपानी पोरासारखं. फक्त मधल्या ठिकाणी, "दोन बार", यांचा आणि टीव्हीतला आवाज बरोबर एकदम आला.

मी खूप रडले. नंतर ओसरी पुसली.

१० जुलै

लीलाधर आला होता. कान धरले त्याने. मी चहा दिला, शिव्याही दिल्या.

मांडवातल्या सगळ्यांना वाटलं असेल मी ऐकलंच, म्हणून कोणी बोललं नाही. आज यांना विचारलं, इतकं माझं नाव मांडवात पुकारलंत तर मला घरी येऊन का नाही सांगितलं? दोन वर्षं कॅसेट वर ठेवून दिलीत. हे लाजले. चक्क लाजले, साठीचा माणूस.

१३ जुलै

सहा महिने झाले.

सकाळपासून चार वेळा लावलं. प्रत्येक वेळी ओठ हलतात, आवाज नाही. दुपारी मी ठरवलं, हे शेवटचं, मग नाद सोडायचा. सगळं पहिल्यापासून लावलं, बर्फवालीपासून, उगाच. पूल आला. "हिसागो" म्हणून ती ओरडली, तो वळला, तोंड उघडलं, थांबलं. मग मुंग्या. यावेळी बटणाला हात लावला नाही. हे माझं मनगट न धरता शांत बसले होते.

"कुंदाबाई, एक बार. कुंदाबाई, दोन बार." यांनी दोन बार म्हटलं, रोजच्यासारखं. आणि मी त्याच क्षणी बंद केलं. का केलं ते माहीत नाही. टीव्ही काळा झाला. घरात पंख्याचा तेवढा आवाज.

मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे. वारा नाही, पान नाही, काही नाही. मी म्हटलं, मार ना बाबा.

यांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा फुगल्या.

"कुंदा."

मग दमून उशीवर टेकले. तीन बार म्हटलं नाही. गरजही नव्हती.

शब्द: एक, नवीन. पुढचं "बाई" आलं नाही. जिभेला एवढं लांब जमलं नसेल. डॉक्टरांनी विचारलं तर मी तसंच सांगणार आहे.